९:२० ला साठ नावं, अकराला शून्य: इंट्राडे स्कॅनरची अट नेमकी कुठे चुकतेय?

खारघर_सेक्टर१२

नमस्कार. इंट्राडेसाठी (घेतलेला शेअर त्याच दिवशी विकायचा) स्कॅनर (अटीत बसणारे शेअर शोधून देणारा प्रोग्रॅम) लावलाय, पण त्याच्या वागण्याचा मेळ लागत नाही. सगळी माहिती आधीच देते, म्हणजे कोणाला उलटे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

भांडवल २ लाख. फक्त कॅश, म्हणजे थेट शेअर; एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) नाही. वेळ ९:१५ ते १०:२०, कारण साडेदहाची कोपरखैरणेची लोकल पकडून महापेला ऑफिसला जायचं असतं. स्कॅनर चार्टइंक या संकेतस्थळाचा, मोफत खातं. सौदा ब्रोकरच्या मोबाइल ॲपवरून. शेअर निफ्टी ५०० (पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) मधले.

अटी अशा: ५ मिनिटांच्या कॅन्डलचा (चार्टवरची एक कांडी, त्या पाच मिनिटांतल्या भावांची) क्लोज (शेवटचा भाव) कालच्या हायपेक्षा (सर्वोच्च भावापेक्षा) जास्त, त्याच कॅन्डलचं व्हॉल्यूम (सौदे झालेल्या शेअरची संख्या) आधीच्या २० कॅन्डलच्या सरासरीच्या दुप्पट, दैनिक आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा जोर दाखवणारा ० ते १०० मधला आकडा) ५५ च्या वर, भाव ५० रुपयांच्या वर.

अडचणी तीन. ९:२० ला पन्नास-साठ नावं येतात आणि घरून काम असेल त्या दिवशी पाहावं तर अकरा ते दीड यादी रिकामी. दुसरं, यादीत दिसलेलं नाव दोन मिनिटांत गायब होतं. तिसरं, नाव दिसून ॲप उघडेपर्यंत भाव पाऊण टक्का पुढे गेलेला असतो. बॅकटेस्टमध्ये (अट जुन्या डेटावर चालवून बघणं) मात्र हीच अट देखणी दिसते. पैसे भरून रिअल टाइम डेटा घेतला तर हे सुटेल का?

---

नौपाडा_वहीखातं

ताई, सुटेल, पण तीनपैकी एकच, तेही अर्धंमुर्धं. पहिली अडचण डेटाची नाहीच, अटीची आहे. आधी ती घेऊ.

९:१५ ते ९:२० ही कॅन्डल तुम्ही "आधीच्या २० कॅन्डल"शी ताडून बघताय. त्या २० म्हणजे कोणत्या? ५ मिनिटांच्या २० म्हणजे १०० मिनिटं, म्हणजे काल दुपारी १:५० ते ३:३०. रात्रभराच्या बातम्या, साचलेल्या ऑर्डरी, सगळं पहिल्या पाच मिनिटांत ओतलं जातं. ती कॅन्डल कालच्या दुपारच्या दुप्पट असणारच. निफ्टी ५०० मधल्या निम्म्या नावांना ही अट लागू पडेल, त्यात विशेष काही घडलेलं नसताना.

आता उलट बाजू. ११:०० ची कॅन्डल आली की तिच्या आधीच्या २० म्हणजे ९:२० ते ११:००, दिवसातला सगळ्यात गर्दीचा काळ. बाजाराचं व्हॉल्यूम वाटीसारखं असतं: सकाळी उंच, दुपारी खोल, तीननंतर पुन्हा उंच. अकराच्या कॅन्डलने सकाळच्या सरासरीच्या दुप्पट व्हायचं म्हणजे एखादी मोठी बातमीच फुटायला हवी. म्हणून यादी रिकामी.

तुलना त्याच वेळेशी करा. आजची ९:३५ ची कॅन्डल गेल्या पाच दिवसांच्या ९:३५ च्या कॅन्डलशी. ९:१५ ते ३:३० म्हणजे ३७५ मिनिटं, म्हणजे ५ मिनिटांच्या ७५ कॅन्डल. चालू कॅन्डलपासून ७५ मागे गेलात की कालची तीच वेळ, १५० मागे परवाची, मग २२५, ३००, ३७५. या पाचांची बेरीज भागिले पाच, गुणिले दोन. आजचं व्हॉल्यूम त्यापेक्षा जास्त हवं. १५ मिनिटांच्या कॅन्डलवर काम करायचं असेल तर हाच आकडा २५.

यात तीन खड्डे आहेत. ज्या शेअरमध्ये एखाद्या पाच मिनिटांत एकही सौदा होत नाही त्यात ती कॅन्डलच तयार होत नाही, आणि ७५ ची मोजणी सरकते. म्हणून ही अट फक्त भरपूर उलाढालीच्या शेअरना लावायची. दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्यांचा एक तास म्हणजे १२ कॅन्डल मध्येच घुसतात. पुढचे पाच दिवस ही मोजणी चुकीची येते, तेवढे दिवस स्कॅनर बंद ठेवलेला बरा. आणि पाचपैकी एका दिवशी कंपनीचे निकाल लागले असतील तर सरासरी फुगते, मग आज खरोखर हालचाल असूनही नाव येत नाही. सरासरीऐवजी "पाचपैकी प्रत्येक दिवसापेक्षा जास्त" असं लिहिणारेही आहेत, पण तेव्हा तर तो निकालाचा दिवस एकटाच अट अडवून धरतो. स्वतःचा कोड असेल तर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा. तयार स्कॅनरमध्ये सरासरीवर भागवावं.

व्हॉल्यूम शेअरच्या संख्येत मोजू नका, उलाढालीत मोजा: व्हॉल्यूम गुणिले क्लोज. शेअर १:५ स्प्लिट झाला (एकाचे पाच झाले) की रोजची संख्या आपोआप पाचपट दिसते. डेटा देणाऱ्याने जुने आकडे जुळवून घेतलेले नसतील तर स्कॅनर त्याला "पाचपट व्हॉल्यूम" म्हणून सगळ्यात वर ठेवतो. रुपयांत मोजलं की हा घोळ होत नाही.

---

घणसोली_टिक

गायब होण्याचं आणि उशिराचं मी सांगतो.

गायब होतं कारण तुम्ही चालू कॅन्डलवर अट लावली आहे. ९:३७ ला ९:३५ ची कॅन्डल अजून बनतेय. तिचा "क्लोज" म्हणजे त्या क्षणाचा भाव. भाव कालच्या हायवर गेला की नाव आत, खाली आला की बाहेर. कॅन्डल पूर्ण होईपर्यंत चार वेळा आत-बाहेर होऊ शकतं. बॅकटेस्ट फक्त पूर्ण झालेल्या कॅन्डल बघतो, म्हणून तिथे हा लपंडाव दिसत नाही. चार्टइंकमध्ये ० ही चालू कॅन्डल आणि -१ ही नुकतीच संपलेली. अट -१ वर न्या. सिग्नल उशिरात उशिरा पाच मिनिटांनी येईल, पण आलेला जाणार नाही.

बॅकटेस्ट देखणा दिसण्याचं दुसरं कारण तुमचा दैनिक आरएसआय. मागच्या तारखेचा बॅकटेस्ट त्या दिवसाचा आरएसआय संध्याकाळच्या बंद भावावर काढतो. म्हणजे सकाळी ९:२० चा सिग्नल तो दुपारी साडेतीनच्या माहितीवर निवडतोय. ज्या शेअरचा आरएसआय दिवसअखेर ५५ च्या वर गेला तो त्या दिवशी वर गेला असण्याची शक्यता जास्त, मग निकाल छान येणार नाहीत तर काय! दैनिक अट कुठलीही असो, "१ दिवस आधीचा" असंच लिहायचं.

आता उशीर. तो चार जागी साचतो, आणि पैसे भरून त्यातला एकच कमी होतो. मोफत खात्यात मुळात डेटाच मागे असतो, तो सशुल्कमध्ये सुटतो. पण स्कॅन ठरावीक अंतराने चालतो, तुमच्या मनात येईल तेव्हा नाही. पुढे अलर्टचा रस्ता: ईमेल सगळ्यात रडतखडत, फोनवरची सूचना त्याहून बरी, समोर उघडा ठेवलेला ब्राउझर सगळ्यात चांगला. शेवटी आपला हात: ॲप उघडा, बोट लावा, शेअर शोधा, संख्या टाका. हेच सगळ्यात मोठं असतं आणि याचा हिशेब कोणी करत नाही.

मोजायची पद्धत सोपी. रोज भरपूर सौदे होणारा एक शेअर घ्या. ब्रोकरच्या मार्केट डेप्थच्या (खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी दाखवणाऱ्या) खिडकीत शेवटच्या सौद्याची वेळ सेकंदासह दिसते, ती आणि स्कॅनरमधला भाव शेजारी ठेवा. ९:२० ते ९:३० मध्ये दहा नोंदी घ्या. स्कॅनरचा भाव डेप्थमध्ये किती सेकंदांपूर्वी होता ते लिहा. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवून घ्या, नाहीतर घड्याळाची चूक डेटाच्या नावावर जाते. त्यानंतर अलर्टची वेळ आणि फोनवर प्रत्यक्ष वाजल्याची वेळ यातलं अंतर. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे सूचना मिनिटभर अडकून राहतात. स्कॅनरच्या आणि ब्रोकरच्या ॲपला तिथे "अनरिस्ट्रिक्टेड" करा. पैसे भरण्याआधी एवढं फुकट होतं.

जाता जाता एक. एक्स्चेंज बीकेसीत आणि आपण खाडीच्या अलीकडे, म्हणून डेटा लवकर मिळतो असा काही लोकांचा समज असतो. टिक (भावाची प्रत्येक नवी नोंद) ब्रोकरच्या सर्व्हरवरून येते. घणसोली काय आणि गोंदिया काय, फरक पडतो तो घरच्या वायफायने.

---

वाशी_सेक्टर१७

एवढा खटाटोप कशाला? टेलिग्रामवर तयार सिग्नल मिळतात. एंट्री, टार्गेट, स्टॉपलॉस (तोटा थांबवून बाहेर पडायचा भाव) सगळं.

---

नौपाडा_वहीखातं

@वाशी_सेक्टर१७ सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदलेल्या रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक आयएनएच ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून बघता येतो. चॅनलवर तो नसेल तर पुढे बोलायलाच नको. असला तरी हजार जणांना एकाच सेकंदाला तोच शेअर सांगितल्यावर तुमची एंट्री कोणत्या भावाला होणार, हा प्रश्न उरतोच. ताईंची तिसरी अडचण तिथे दुप्पट होईल.

---

नेरूळ_लिमिट_ऑर्डर

तिसऱ्या अडचणीला, म्हणजे भाव पुढे निघून जाण्याला, आकडे लावून बघा. त्याशिवाय तिचं वजन कळत नाही.

२ लाखांवर एका सौद्यात अर्धा टक्का धोका धरू, म्हणजे १,००० रुपये. शेअर ४०० ला, स्टॉपलॉस ३९६ ला, अंतर ४ रुपये. १,००० भागिले ४, म्हणजे २५० शेअर. सौद्याची रक्कम १ लाख. इंट्राडेत सध्या स्वतःच्या पैशांच्या जास्तीत जास्त पाचपट सौदा करता येतो, त्यामुळे मार्जिन (सौद्यासाठी आपली अडकणारी रक्कम) २०,००० च्या आसपास लागतं. पाचपट मिळतंय म्हणून १० लाखांचा सौदा करायचा नसतो. संख्या स्टॉपलॉसवरून ठरते, मार्जिनवरून नाही.

आता तुम्ही ४०० ऐवजी ४०३ ला घेतलात, पाऊण टक्का वर. स्टॉपलॉस ३९६ लाच आहे, कारण तो चार्टवरून आलाय. अंतर झालं ७ रुपये. तेच २५० शेअर घेतलेत तर धोका १,७५० चा. धोका हजारातच ठेवायचा तर १४२ शेअर. आणि टार्गेट ४०८ असेल तर ७ रुपयांच्या धोक्यावर मिळायचे ५. हा सौदा सोडून द्यायचा, त्याच्यामागे धावायचं नाही. अलर्टच्या भावापासून स्टॉपलॉसच्या अंतराच्या पाव भागापेक्षा जास्त पुढे गेलेला शेअर घ्यायचा नाही, असा नियम ठेवा. वरच्या उदाहरणात ४०१ च्या वर नाही.

हे हाताने पाळवत नाही, म्हणून ऑर्डरने पाळायचं. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) नको. खरेदीची स्टॉप-लिमिट लावा: ट्रिगर ४००.५० (इथे ऑर्डर जागी होते), लिमिट ४०१ (याहून जास्त द्यायचे नाहीत). भाव एका झटक्यात ४०२ ला गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते, आणि ते ठीक आहे. पाच मिनिटांनी रद्द करा. सौदा झाला की त्याच क्षणी स्टॉपलॉस सिस्टिममध्ये जायला हवा. "मनातला स्टॉपलॉस" साडेदहाच्या लोकलमध्ये कामाचा नाही.

खर्चही जोडा. ४०० ला २५० घेतले, ४०४ ला विकले. ब्रोकरेज २० आणि २०. एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) विक्रीवर ०.०२५ टक्के, म्हणजे २५. एनएसईचा (राष्ट्रीय शेअर बाजार) व्यवहार आकार दोन्ही बाजू मिळून साधारण ६. स्टॅम्प ड्यूटी खरेदीवर ०.००३ टक्के, ३ रुपये. सेबीचे २० पैसे. जीएसटी साधारण ८. बेरीज ८२-८३ रुपये. त्यात येता-जाता दोन-दोन टिक घसरगुंडी, म्हणजे ठरवल्यापेक्षा वाईट भाव, धरा (इथे टिक म्हणजे भाव हलायची सगळ्यात लहान पायरी, या भावाला ५ पैशांची), म्हणजे आणखी ५०. एकूण १३३. म्हणजे हजाराचा नफा ८६७ आणि हजाराचा तोटा १,१३३. जेवढा धोका तेवढंच टार्गेट ठेवलं तर १०० पैकी ५७ सौदे बरोबर यावे लागतात, तेव्हा कुठे हातात शून्य. टार्गेट दुप्पट ठेवलं तर ३८ पुरतात.

सेबीने जुलै २०२४ मध्ये कॅशमधल्या इंट्राडेचा अभ्यास जाहीर केला होता. २०२२-२३ या आर्थिक वर्षात दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि तोट्यातल्यांनी मूळ तोट्याच्या ५७ टक्के रक्कम वर खर्चापोटी भरली होती. ९:२० ची साठ नावांची यादी हा खर्च वाढवायचं यंत्र आहे.

नोकरी आहे म्हणून हेही: इंट्राडे हा सट्ट्याचा धंदा धरला जातो, त्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षं पुढे नेता येतो. आयटीआर-३ भरावा लागतो.

---

खारघर_सेक्टर१२

बापरे, आभार. २० कॅन्डलचा हिशेब वाचून डोक्यावर हात मारून घेतला.

दोन प्रश्न. निफ्टी ५०० ठेवू की कमी करू? आणि बाजार पडत असेल तेव्हा हीच अट उलटी करून शॉर्ट (आधी विकून नंतर परत घेणं) केलं तर?

---

नौपाडा_वहीखातं

दोन्हींचं उत्तर एकच: ज्या शेअरवर एफअँडओ चालतं तेवढेच ठेवा, दोनशेच्या आसपास आहेत. तुम्ही एफअँडओ करत नसलात तरी.

कारण सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव किती हलू शकतो त्याची मर्यादा. बाकीच्या शेअरना २, ५, १० किंवा २० टक्क्यांचा पक्का पट्टा असतो. ५ टक्क्यांच्या पट्ट्यातला शेअर ४.६ टक्के वर असताना स्कॅनरच्या यादीत पहिला झळकतो, आणि तुमच्यापुढे उरलेली जागा ०.४ टक्के. शॉर्टमध्ये तर हे थेट अंगावर येतं. तुम्ही विकलाय, शेअर अपर सर्किटला लागला, विकणारा कोणी नाही, म्हणजे तुम्हाला परत घेता येत नाही. ३:२० ला ब्रोकरचा स्क्वेअर ऑफसुद्धा (उरलेला सौदा आपोआप मिटवणं) निरुपयोगी, कारण समोर विक्रेताच नाही. मग दुसऱ्या दिवशी प्रकरण लिलावात जातं (तुम्ही न दिलेले शेअर तिथे विकत घेतले जातात), तिथला भाव तुमच्या हातात नसतो आणि वर दंड. एफअँडओच्या शेअरना पक्का पट्टा नाही. १० टक्क्यांचा डायनॅमिक बँड असतो, तो गरजेप्रमाणे सरकवला जातो.

निफ्टी ५०० च ठेवायचा हट्ट असेल तर रोज सकाळी ट्रेड-टू-ट्रेड (डिलिव्हरी सक्तीची) आणि एएसएम-जीएसएम (जादा देखरेखीखालचे शेअर) यादीतली नावं काढावी लागतील. बीई सिरीजमध्ये, म्हणजे ट्रेड-टू-ट्रेडमध्ये, इंट्राडे होतच नाही, पण स्कॅनरला त्याचं काय? तो बिनदिक्कत नाव दाखवतो आणि ऑर्डर रिजेक्ट झाल्यावर आपल्याला कळतं.

"कालच्या हायपेक्षा जास्त" ही अट मला पटत नाही. गॅप देऊन (कालच्या भावापासून उडी मारून) वर उघडलेला शेअर ती दिवसभर पूर्ण करत राहतो. "जास्त आहे" आणि "ओलांडला" यात फरक आहे. स्कॅनरमध्ये "क्रॉस्ड अबव्ह" वेगळं असतं ते याचसाठी. तुमच्या वेळेला पहिल्या १५ मिनिटांचा हाय बरा पडेल. ९:१५ ते ९:३० फक्त बघायचं. त्यानंतर ५ मिनिटांच्या कॅन्डलचा क्लोज त्या हायला ओलांडतो का, आणि तो व्हीवॅपच्या (दिवसाचा व्हॉल्यूमनुसार भारित सरासरी भाव) वर आहे का. ९:३० ते १०:२० मध्ये तुम्हाला दहा कॅन्डल मिळतात. १०:०५ नंतर नवा सौदा नको, १०:२० ला काहीही असो, बाहेर.

हाय ओलांडताना ०.१ टक्क्याची फट ठेवा. ब्रोकरचा फीड प्रत्येक सौदा पाठवत नाही, थोड्या थोड्या वेळाने चित्र पाठवतो, त्यामुळे दोन प्लॅटफॉर्मवर एकाच कॅन्डलचा हाय एक-दोन टिकने वेगळा दिसतो. ५ पैशांनी झालेलं ब्रेकआउट एकीकडे असतं, दुसरीकडे नसतं.

पहिली १५ मिनिटंच फार लांब गेली असतील तर पुढे काही उरत नाही. दैनिक एटीआर (शेअर दिवसाला सरासरी किती हलतो त्याचं माप) १२ रुपये असलेल्या शेअरने साडेनऊपर्यंतच १० रुपये कापलेत, तर त्याच्या ब्रेकआउटला वाट किती उरली? दिवसाचा हाय वजा लो हे कालच्या १४ दिवसांच्या एटीआरच्या ६० टक्क्यांच्या आत असावं, अशी अट घाला.

मग आलेल्या यादीकडे बघायची रीत. दहाच्या आत नावं येतील एवढा व्हॉल्यूमचा उंबरठा ठेवा: दुपटीने जास्त येत असतील तर अडीचपट, तीनपट. आठ नावं आली आणि त्यातली सहा सरकारी बँका असतील, तर ते सहा सौदे नव्हेत, एकच सौदा आहे. सगळ्यात जास्त उलाढालीची एक बँक घ्या, बाकी सोडा. तिघींत पैसे टाकलेत तर धोका अर्धा टक्का राहत नाही, दीड होतो. शेअरच्या टक्केवारीतून निफ्टीची टक्केवारी वजा करून रांग लावली तर बाजाराबरोबर नुसते तरंगणारे शेअर खाली जातात.

मंगळवारी निफ्टीच्या ऑप्शनची एक्सपायरी (मुदत संपण्याचा दिवस) असते. त्या दिवशी निफ्टीतले वजनदार शेअर अधूनमधून बिनकारण झटके देतात. त्यांना वगळलं तरी चालेल.

---

घणसोली_टिक

९:०० ते ९:१५ मध्ये हात रिकामे असतात, त्याचा उपयोग करा. प्री-ओपनमध्ये (बाजार उघडण्याआधीचं ऑर्डरींचं सत्र) ऑर्डर घेणं ९:०७ ते ९:०८ च्या दरम्यान कधीही बंद होतं, त्यानंतर एनएसईच्या पानावर उघडण्याचा भाव आणि जुळलेली संख्या दिसते. गॅप १ ते ३ टक्के आणि जुळलेली उलाढाल मोठी, अशी पाच-सहा नावं बाजूला लिहून ठेवा. प्रत्येकाची एक्स-डेट (ज्या दिवसापासून भाव हे वजा होऊन चालतो) तपासा: बोनस, स्प्लिट, मोठा लाभांश. १:१ बोनसच्या दिवशी "५० टक्के गॅप डाउन" दाखवणारे स्कॅनर आहेत.

गॅपचा आकडा दोन ठिकाणी वेगळा दिसला तर घाबरू नका. एनएसईचा अधिकृत बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाची भारित सरासरी. ३:३० चा शेवटचा सौदा नव्हे. काही चार्ट शेवटचा सौदा धरतात. शेवटच्या अर्ध्या तासात पळालेल्या शेअरमध्ये हा फरक टक्काभर असू शकतो.

---

घोडबंदर_पायथन

वहीखातं यांनी मध्यकाचं म्हटलंय, ते स्वतःच्या कोडने करायचं तर काय लागतं? पायथन येतं. ब्रोकरची एपीआय (कोडने डेटा मिळवायची सोय) घेतली आहे, पण माझ्या कोडमध्ये मधूनच एखादा शेअर दहापट व्हॉल्यूम दाखवतो आणि चार्टवर तसं काहीच नसतं.

---

घणसोली_टिक

तुमची जोडणी तुटून परत लागत असणार. टिकमधलं व्हॉल्यूम दिवसभराचं एकत्रित असतं. कॅन्डलचं व्हॉल्यूम म्हणजे शेवटच्या आकड्यातून आधीचा वजा. मधले तीन मिनिटं टिक आलीच नाही, तर परत जोडल्यावर तिन्ही मिनिटांचं व्हॉल्यूम एकाच कॅन्डलमध्ये पडतं. उपाय: सर्वाधिक उलाढालीच्या शेअरमध्ये १० सेकंद टिक आली नाही तर जोडणी मेली समजायची, ती कॅन्डल सगळ्याच शेअरसाठी "खराब" अशी खूण करून टाकायची आणि तिच्यावर सिग्नल काढायचा नाही. नंतर ऐतिहासिक डेटा मागवून ती भरून घ्या.

पहिल्या कॅन्डलचंही बघा. एकत्रित व्हॉल्यूममध्ये प्री-ओपनला जुळलेली संख्या धरलेली असते. तुम्ही शून्यातून वजाबाकी सुरू केलीत तर ती ९:१५ च्या कॅन्डलमध्ये येते. ज्या ऐतिहासिक कॅन्डलशी तुलना करताय त्यांत ती आहे की नाही, हे एका शेअरवर हाताने ताडून बघा. कॅन्डल कापताना एक्स्चेंजची वेळ घ्या, स्वतःच्या मशीनची नको.

लागतं फार थोडं. २०० शेअर, २० दिवस, दिवसाला पाच मिनिटांचे ७५ खाने, म्हणजे ३ लाख आकडे. जुन्या लॅपटॉपच्या मेमरीतही कोपऱ्यात बसतील. पावणेनऊला एकदा मध्यक काढून तक्ता तयार ठेवायचा, दिवसभर फक्त भागाकार. कॅन्डल खाना क्रमांकाने ओळखा, "७५ मागे" अशी नको, म्हणजे मुहूर्ताचा त्रासही जातो. झेरोधा या ब्रोकरच्या काइट कनेक्ट एपीआयमध्ये एका वेबसॉकेटवर (चालू डेटाच्या जोडणीवर) ३,००० पर्यंत नावं चालतात, तेव्हा २०० ची चिंता नको. लॉगिन रोज नव्याने करावं लागतं. कोडनेच ऑर्डर टाकायची असेल तर सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) वगैरे आलं. नुसतं बघायचं असेल तर त्याची गरज नाही.

आणि घोडबंदरला राहता म्हणून, जोडणी तोडणारा कोड नसून बिल्डिंगही असू शकते. टॉवरचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो. डक्टमधला इंटरनेटवाल्याचा स्विच त्यावर असतोच असं नाही. घरच्या राउटरला आणि फायबरच्या डब्याला, दोघांनाही, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. एकालाच लावून उपयोग नाही, लोक नेमकं तेच करतात. तरीही जोडणी गेली तर फोनचा हॉटस्पॉट, आणि तो दुसऱ्या कंपनीचा. महावितरणचा शटडाउनचा एसएमएस आला असेल त्या दिवशी सौदाच नको. ब्रोकरचा फोनवरून सौदा करायचा नंबर कागदावर लिहून टेबलाला चिकटवा.

---

खारघर_सेक्टर१२

नवी अट अशी लिहिली आहे, कोणी नजर टाकाल का?

शेअर एफअँडओवाले. -१ कॅन्डलचा क्लोज पहिल्या १५ मिनिटांच्या हायच्या १.००१ पटीच्या वर, आणि -२ चा क्लोज त्याच पातळीच्या खाली. -१ चा क्लोज व्हीवॅपच्या वर. -१ ची उलाढाल, म्हणजे व्हॉल्यूम गुणिले क्लोज, ही -७५, -१५०, -२२५, -३००, -३७५ या पाच कॅन्डलच्या सरासरी उलाढालीच्या दुप्पट. दिवसाचा हाय वजा लो कालच्या एटीआरच्या ६० टक्क्यांच्या आत. आरएसआय काढून टाकला. काल एकूण उलाढाल ५० कोटींच्या वर.

महिनाभर सौदा न करता फक्त नोंद करणार आहे: अलर्टची वेळ, अलर्टचा भाव, ३० सेकंदांनंतरचा भाव, स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर), पुढच्या १५ मिनिटांतला जास्तीत जास्त फायदा आणि तोटा.

---

नौपाडा_वहीखातं

नोंदीत अजून एक रकाना घाला: सेक्टर. बाकी बरं आहे, पण व्हॉल्यूममध्ये एकाची चूक राहिली आहे आणि ती महागाची आहे. मी ७५ सांगितलं ते चालू कॅन्डलपासून. तुम्ही अट -१ वर नेलीत, तर कालची तीच वेळ -७६ झाली, मग -१५१, -२२६, -३०१, -३७६. आत्ता लिहिलंय तसं ठेवलंत तर आजची ९:३० ची कॅन्डल कालच्या ९:३५ शी ताडली जाईल. व्हॉल्यूम त्या वेळी दर पाच मिनिटांनी उतरत असतं, म्हणून प्रत्येक कॅन्डल आहे त्याहून जाडजूड दिसेल आणि साडेनऊची यादी पुन्हा फुगेल.

---

खारघर_सेक्टर१२

केलं. -७६ पासून.